त्याच्या नावाखाली माझी सोळा वर्षं

शेठ माझ्या बायोडाटावर थुंकला.

रागानं नाही. राग आला असता तर निदान माझी दखल घेतली असं तरी वाटलं असतं. त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, सकाळपासून घोळवलेला. थुंकायला खिडकीपर्यंत जावं लागलं असतं, आणि बाहेर चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन होतं. कूलरसमोरून उठायचा कंटाळा. टेबलावर माझे दोन कागद होते. त्यानं वरचा उचलला, मुडपून त्याचा द्रोण केला, त्यात तोंड मोकळं केलं आणि कागद टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. उरलेल्या दुसऱ्या कागदाला बोटं पुसली.

"हं," तो म्हणाला. "काय म्हणत होती तू?"

माझं म्हणून झालं होतं. आपल्या कंपनीत फायनान्शियल कंट्रोलरची जागा निघाली आहे, तिच्यासाठी मी अर्ज करते आहे, आधी तुम्हाला दाखवते. एवढंच. त्यानं पहिल्या चार ओळी वाचल्याही होत्या. त्याची नजर कुठवर उतरते ते मी पाहत होते.

शेजारच्या खुर्चीवर त्याचा भाचा बसला होता, पियूष. वय अठ्ठावीस. पुण्याहून एमबीए करून दीड वर्षापूर्वी आलेला. त्यानं मोबाईलमधून मान वर काढली नाही.

"बायोडाटा तर तू बढिया बनवतस," शेठ म्हणाला. "एक काम कर. आपल्या पियूषचा बनवून दे. बँकवाल्यायले दाखवा लागते. तुले तर सारं मालूमच आहे. हेच लिही, वरतं नाव बदलव."

"हेच म्हणजे?"

"हेच. आता तुनं दिलं ते."

मी डब्याकडे पाहिलं. कागदातून तपकिरी लाळ गळत होती. त्या लाळेत माझं नाव होतं, माझ्या परीक्षा होत्या. 

आणि मी "हो" म्हणाले.

हे आधीच सांगून टाकते. नंतर मी काय केलं ते ऐकून कोणी मला शूर म्हणायला नको. मी हो म्हणाले, दुसरा कागद उचलून घेतला, त्यावरचे बोटांचे डाग पदरानं पुसले आणि केबिनचं दार हळूच ओढून बाहेर आले. दार आपटलं तर शेठला आवडत नाही.

मी ढिवराची. आमचं गाव नागभीडकडं, एका मोठ्या तलावाच्या काठाला. बाप तलावात उतरायचा, माय मासोळ्या टोपल्यात घालून पाच गावं फिरायची. मी बी.कॉम. झाले तेव्हा गावात ढिवराच्या घरात पदवीधर मुलगी मी एकटीच होते. नोकरीला बायोडाटा लागतो एवढं कळलं होतं. तो कसा असतो ते कोणाला विचारायचं? नागभीडला एका कॉम्प्युटर सेंटरवाल्याकडे गेले. म्हटलं, बायोडाटा बनवून द्या. त्यानं दिला. वर गणपतीचं चित्र. खाली नाव, जन्मवेळ, रास, उंची पाच फूट एक इंच. रंग निमगोरा. जात हिंदू ढिवर. मामांची नावं, त्यांची गावं, व्यवसाय मासेमारी. सगळ्यात शेवटी 'अपेक्षा'. तिथं त्यानं विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, "हिशेबाचं काम." त्यानं लिहिलं.

तो लग्नाचा बायोडाटा होता. त्याच्याकडे तो एकच नमुना होता. आणि दुसरा काही असतो हे मलाही माहीत नव्हतं. मी त्याला पैसे दिले, कागदाला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि चंद्रपूरची गाडी पकडली.

शेठनं तो ऑफिसात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आठ-दहा माणसं होती. 'रंग निमगोरा' वाचलं, कागद खाली घेतला, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "हे निमगोरं आहे काय?" माणसं हसली. मीही हसले. बावीस वर्षांची मुलगी अशा वेळी दुसरं काय करते? मग तो मामांवर आला. मासेमारी. त्याचं हसू थांबलं. त्यानं कागद दोन बोटांच्या टोकांनी धरून टेबलावर ठेवला.

नोकरी मिळाली. टायपिंगची. पण दुसऱ्या दिवसापासून दारावर एक नियम आला. शेठच्या ऑफिसात देव्हारा आहे, तिथं मांस-मच्छी चालत नाही, म्हणून माझा डबा तपासायचा. माझाच. बाकीच्यांचे डबे कोणी कधी उघडले नाहीत. त्या लोकांतले निम्मे रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांगेत दिसायचे. वॉचमन म्हातारा होता, भला माणूस होता. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

"उघड वं बाई. मले सांगतलं आहे."

मी उघडला. वांग्याची भाजी, वरण, भात. त्यानं वाकून वास घेतला आणि मान हलवली. जा.

सोळा वर्षं. रोज. तो म्हातारा गेला, दुसरा आला, त्यालाही नियम सांगितला गेला. मी कामाला लागल्यापासून घरी मासोळी शिजवणंच सोडलं. सुवासिक साबणानं दोनदा आंघोळ करायची. बसमध्ये, जिन्यावर, टेबलावर बसताना स्वतःच्या हाताचा वास घ्यायची. माझ्या मायच्या हाताला जो वास होता, ज्या हातानं मला भरवलं, त्याची मला लाज वाटायला लागली. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही, आणि स्वतःलाही लवकर करणार नाही.

आता कामाचं सांगते, कारण भांडण कामावरूनच आहे.

कंपनीच्या तीन राइस मिल. एक मूल गावाकडं, दोन वडसा देसाईगंजकडं. सरकारचं धान भरडाईला यायचं. ट्रकचं धरमकाट्यावर वजन व्हायचं, माल गोदामात उतरायचा, भरडून तांदूळ परत जायचा. आणि दर हंगामात धान कमी पडायचं. शेठ हमालांवर ओरडायचा. ड्रायव्हरांच्या आयाबहिणी काढायचा. मी टायपिंगवाली. पण टाइप करायच्या पावत्या माझ्याच हातून जायच्या. महिनाभर पावत्या पाहिल्या आणि माझ्या लक्षात आलं की काट्यावर वजन लिहिणारा आणि गोदामात माल मोजून घेणारा माणूस एकच आहे. तिन्ही मिलमध्ये तसंच. त्याची चूक पकडणारा कोणीच नाही.

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्या तलावावर एक रीत आहे. जाळं ओढून झालं की सगळी मासोळी ताडपत्रीवर ओततात आणि एक जण तिचे सारखे वाटे पाडतो. पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाचा एक वाटा. वाटे पाडणाऱ्यानं आधी उचलायचं नाही. सगळ्यांनी आपापला निवडून नेला की शेवटी जो उरतो तो त्याचा. त्यामुळे वाटे पाडणारा डोळ्यांत तेल घालून सारखेच पाडतो. एखादा वाटा लहान झाला तर तोच त्याच्या पदरात पडणार.

मी शेठला सांगितलं, वजन करणारा वेगळा, उतरवून घेणारा वेगळा, आणि दोघांच्या पावत्या थेट माझ्याकडे. वैतागून का होईना, त्यानं केलं. त्या हंगामापासून धान गळायचं थांबलं. शेठनं सगळ्यांना सांगितलं की त्याच्या डोक्यातून निघालेली कल्पना आहे.

मग एकेक काम माझ्या टेबलावर यायला लागलं. जीएसटी आला तेव्हा मी बसवला. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा तिन्ही मिलच्या मुनिमांना मी शिकवलं, जे मुनीम मला 'ए मासोळी' म्हणायचे त्यांना. महिन्याचा ताळेबंद आधी पुढच्या महिन्याच्या अखेरीस व्हायचा, तो मी पहिल्या आठवड्यात आणला. बँकेचे कागद मी करायची, समोर बसून बोलायचा शेठ. या सगळ्यात नोकरी सांभाळून कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा दिली. चारदा नापास झाले. पाचव्यांदा पास झाले. पेढे घेऊन केबिनमध्ये गेले तर शेठ म्हणाला, "ठेव तिथी." आठ दिवसांनी तो डबा कूलरमागं सापडला. मुंग्या लागलेला.

आणि माझं पद? टायपिस्ट. हजेरीपटावर शेवटपर्यंत तेच.

या वर्षी शेठला तेल काढायचा नवा कारखाना टाकायचा होता. बँकेनं अट घातली, आधी एक फायनान्शियल कंट्रोलर नेमा. सगळ्या आर्थिक कारभारावर ज्याची देखरेख असते आणि बँकेला जो जबाब देतो तो माणूस. नागपूरची एक संस्था अर्जांची छाननी करणार होती. पेपरात जाहिरात आली. मी वाचली. पुन्हा वाचली. त्यात लिहिलेलं सगळं मी करत होते.

बायोडाटा या शब्दाची मला भीतीच बसली होती. पण यावेळी ठरवलं, नीट शिकायचं. महिनाभर मोबाईलवर वाचत होते. वडिलांचं नाव नको. जात, धर्म, उंची, काही नको. मी प्रामाणिक आणि कष्टाळू आहे, हे तर लिहूच नका, ते चोरही लिहितो. दोन पानांच्या वर जाऊ नका. पहिल्या चार ओळींत तुम्ही कोण ते कळलं पाहिजे, कारण वाचणारा तेवढंच वाचतो. आणि मुख्य म्हणजे, तुमच्याकडे कोणतं काम होतं ते सांगत बसू नका. तुमच्यामुळे काय बदललं ते सांगा.

तुमच्यामुळे काय बदललं.

मी बराच वेळ तिथंच अडकले. सोळा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी आपली मान खाली घालून टेबलावर येईल ते करत गेले. मग एकेक ओळ लिहायला लागले आणि मला घाम फुटला. दोन पानं पुरेनात. ही बाई कोण आहे? इतकी वर्षं कुठं बसली होती ही? बाथरूमच्या दाराशेजारी, शेवटच्या टेबलावर बसली होती.

तोच बायोडाटा शेठच्या डब्यात गेला.

पियूष दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला. पहिल्यांदाच आला. खुर्ची ओढून बसला. वाईट मुलगा नव्हता तो. आयतं मिळत आलेल्यांना वाईट व्हायची गरजच पडत नाही.

मी विचारलं, "तुम्ही काय काय काम पाहिलं ते सांगा."

तो विचारात पडला. "मी मामाजींसोबत मीटिंगमध्ये असतो ना."

"आणखी?"

"आणखी... हां! ते सॉफ्टवेअरवाले आले होते पहा. त्यायले मोहर्लीले सफारीले कोण घेऊन गेलं होतं? मीच ना."

मी लिहिलं, सॉफ्टवेअर कंपनीशी समन्वय. ते सॉफ्टवेअर ज्यांनी दिलं ती माणसं वाघ पाहत होती तेव्हा मी वडशाच्या मिलमध्ये घामानं भिजून जुन्या नोंदी चढवत होते. तेही लिहिलं. त्याच्या नावाखाली.

दोन दिवस मी तो बायोडाटा लिहीत होते. आणि आता जे सांगते ते सांगायला जीभ जड होते. मला ते लिहिताना मजा येत होती. माझ्या बायोडाटात जिथं मी बिचकले होते, तिथं पियूषसाठी ठासून लिहिलं. 'मदत केली' असं मी माझ्याबद्दल लिहिलं होतं. त्याच्याबद्दल लिहिलं, 'उभारलं'. स्वतःसाठी 'सहभाग होता', त्याच्यासाठी 'नेतृत्व केलं'. पुरुषाच्या, शेठच्या भाच्याच्या नावाखाली माझं काम मला मोठं दिसत होतं. छापून हातात घेतला तेव्हा वाटलं, या माणसाला तर डोळे मिटून नोकरी द्यावी.

मग वरचं नाव वाचलं.

शेठच्या थुंकीची किळस आली होती ती काहीच नाही. त्या क्षणी मला माझी किळस आली. त्यानं माझा एक कागद घाण केला होता. इथं मी माझी सोळा वर्षं स्वतःच्या हातानं धुऊन, इस्त्री करून त्याच्या भाच्याच्या अंगावर चढवत होते, आणि वर कॉलर नीट करत होते.

पियूषनं वाचलं. खूश झाला. "वा ताई! हा तर एकदम वेगळाच माणूस वाटून राह्यला." मग जरा पुढं झुकला. "ते स्टॉक रिकन्सिलिएशन म्हणजे काय ते एक दिवस समजावून दे मले. इंटरव्ह्यूत विचारतीन. आन् तू टेन्शन नको घेऊ. मी कंट्रोलर झालो तरी काम तर तूच करशीन."

तो मला धीर देत होता. खरंच, मनापासून.

मी म्हटलं, शेठना सोमवारी देते. फायनल करून.

रविवारी गावाला गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही.  सकाळी पोचले तेव्हा माय घरी नव्हती, तलावावर होती. बाप जाऊन सात वर्षं झाली, पण मच्छीमार सोसायटीत त्याच्या जागी माय सभासद आहे आणि यंदा वाटे पाडायचं काम तिच्याकडे होतं. ताडपत्रीवर मासोळी पसरलेली. माय उकिडवी बसून एकेक उचलून ढिगांत टाकत होती, इकडची तिकडे करत होती. सगळे भोवती उभे.  तिचं झालं, ती मागं सरकली, लोक पुढं आले, ज्याला जो वाटा हवा तो त्यानं उचलला. शेवटी एक उरला. तो तिनं पदरात घेतला.

घराकडे येता येता मी तिला सगळं सांगितलं. थुंकीचंही सांगितलं. डब्याचं इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. ती चालायची थांबली.

"रोज हुंगते डबा?"

"रोज."

ती परत चालायला लागली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "आन् आता त्या पोराच्या नावानं तुहं काम लिहून द्याचं आहे?"

"हो."

"मंग तुहा वाटा कुठी आहे?"

मी म्हणाले, "माय, ते नोकरीचं काम आहे. मालकाचं असते सारं."

"तलाव का आपला आहे?" माय एकदम कडाडली. "तलाव बी सरकारचाच आहे. आपण ठेका भरतो. तरी पाण्यात जो उतरला त्याचा वाटा दुसरा उचलते काय? उचलून त पाहू दे कोणी. वाटे पाडणारीले वाटाच नाई, असं कोण्या तलावावर पाह्यलं तुनं?"

 तिसरी शिकलेल्या बाईनं मला, पाच वेळा परीक्षा देऊन पास झालेल्या कॉस्ट अकाउंटंटला, हिशेब शिकवला होता. त्या दिवशी मी तिच्या हातची मासोळी खाल्ली. किती वर्षांनी. हात धुतले पण साबण लावला नाही.

सोमवारी दारावर वॉचमन म्हणाला, "डबा." मी म्हटलं, "नाही उघडणार." त्याला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मी त्याच्या बाजूनं आत गेले. पहिलं काम, माझा बायोडाटा उघडला आणि पियूषच्या बायोडाटातली क्रियापदं त्यात घातली. उभारलं. थांबवलं. शिकवलं. बदललं. नागपूरच्या संस्थेच्या पत्त्यावर पाठवून दिला. मग पियूषचा नवा बनवला. त्यात वेळ लागला नाही.

शेठनं कागद हातात घेतला. उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं.

"हे काय होय?"

"पियूषभाऊंचा बायोडाटा."

"यात त काहीच नाई."

"त्यायनं जेवढं केलं तेवढं लिहिलं. शिक्षण, दीड वर्ष मीटिंगमधी हजेरी, आन् मोहर्लीची सफारी."

पियूष खुर्चीत सरळ झाला. शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्यापुढं इतकी वर्षं पुस्तकी मराठी बोलायची. माझी बोली त्यानं पहिल्यांदा ऐकली असावी.

"आन् बाकीचं कुठी आहे?"

"बाकीचं म्या केलं. ते माह्या बायोडाटात आहे. सकाळीच धाडला नागपूरले."

 शेठचा चेहरा सुजल्यासारखा झाला.

"तुले इथी आणलं कोणं वं? म्या आणलं. नाई त मासोळ्या इकत बसली असती मायसंगं."

"इकल्या असत्या," मी म्हणाले. "तिथी कोणी माहा डबा नसता हुंगला."

  

"चाल, निघ," शेठ म्हणाला. "पाहू तुले कोण नोकरी देते त."

दुपारपर्यंत माझा कॉम्प्युटर बंद झाला. माझ्या टेबलाच्या चाव्या एका मुनिमानं मोजून घेतल्या. अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं तर चार दिवस फिरवलं आणि मग दिलं. कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासह. 'सदर महिला आमच्याकडे टंकलेखनाच्या कामास होत्या. वर्तणूक समाधानकारक.' सोळा वर्षं दोन ओळींत उरकली होती. वर्तणूक समाधानकारक म्हणे! सोळा वर्षं मी तोंड उघडलं नाही, त्याचं ते समाधान.

नागपूरच्या संस्थेनं पडताळणीसाठी कंपनीत फोन केला. शेठनं काय सांगितलं असेल ते सांगायला नको. मला उत्तर आलं, तुमच्या अनुभवाची खातरजमा होऊ शकली नाही. पियूषचा बायोडाटा शेठनं पैसे देऊन कोणाकडून तरी लिहून घेतला. तो कंट्रोलर झाला. पहिल्याच आठवड्यात त्याचा मला फोन आला. "ताई, तो बँकेचा महिन्याचा रिपोर्ट तू कुठून काढत होती?" मी म्हटलं, "तुमच्या बायोडाटात पाहा." आणि फोन ठेवला. एवढं एक सुख मी घेतलं. फार काळ पुरलं नाही, कारण त्या महिन्यापासून घरात पगार येणं बंद झालं होतं.

ओळखीचे लोक सल्ले देऊ लागले. जाऊन पाय धर. मोठी माणसं आहेत, विसरतात. एकानं सांगितलं, तुझ्या समाजाच्या पोरीला एवढं मिळालं होतं तेच खूप होतं. त्याला मी घरातून जायला सांगितलं. चहा अर्धा राहिला त्याचा.

गेल्या आठवड्यात वरोऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात गेले. हिशेब विभागात मोठी जागा आहे असं कळलं होतं. तिथं बायोडाटा घेतल्यावर वर एक छापील अर्जही भरून घेतात. नाव, शिक्षण, अनुभव. अनुभवाच्या रकान्यात जागा संपली तर मी समासात लिहिलं. मग खाली एक ओळ होती. आधीची नोकरी सोडण्याचं कारण.

काउंटरवर एक मुलगी होती, पंचविशीची. मी थांबलेली पाहून तिनं वाकून पाहिलं. म्हणाली, "मॅडम, तिथी 'चांगल्या संधीसाठी' असं लिहा. सारे तेच लिहितेत."

मी लिहिलं, 'मालकाच्या भाच्याच्या नावावर माझं काम लिहून द्यायला सांगितलं. दिलं नाही, म्हणून काढलं.'

तिनं वाचलं. कागद माझ्याकडे परत सरकवला. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, नवा फॉर्म देऊ काय? हे वाचून तुम्हाले नाई बोलावणार हे लोकं."

"माहीत आहे," मी म्हणाले. "ठेव तसाच."

नाही बोलावलं तर नाही. पुढच्या ठिकाणी जाईन, तिथंही त्या ओळीत हेच लिहीन, त्याच्या पुढच्या ठिकाणीही हेच. ज्या मालकाला ते वाचून घाम फुटतो, त्याच्याकडे मला कामच करायचं नाही. माझं काम पाहिजे असेल तर ते माझ्या नावासकट घ्यावं लागेल. दुसऱ्याच्या नावावर मी आता एक ओळसुद्धा लिहून देणार नाही, मग घरात चूल पेटो की न पेटो.